सायमन नुसता बघ्या नाही

विल्यम गोल्डिंगची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' ही निर्जन बेटावर अडकलेल्या शाळकरी पोरांची कादंबरी. तिच्यातला सायमन निष्क्रिय आहे, तो वगळला तरी कादंबरी चालली असती, असं एका वाचकाने म्हटलंय. अजिबात पटलं नाही. बाकीची पोरं पोहायला पळतात तेव्हा झोपड्या बांधायला पोरांचा निवडलेला म्होरक्या राल्फ याच्यासोबत कोण राबतं? शिकारी पोरांचा पुढारी जॅक हा पिगी नावाच्या लठ्ठ, चष्मेवाल्या पोराला मांस देत नाही तेव्हा सायमन आपला तुकडा त्याच्याकडे सरकवतो आणि वर स्वतःच ओशाळून मान खाली घालतो. (गोल्डिंगने हे एक-दोन वाक्यांत उरकलंय, म्हणून नजरेतून निसटतं.)

आणि डोंगरावर एकटा कोण जातं? सगळे ज्या श्वापदाला घाबरतात ते पॅराशूटला अडकलेलं प्रेत आहे, हे तोच शोधतो. आधी ओकतो, मग खडकात अडकलेल्या दोऱ्या सोडवतो. हेच सांगायला खाली येतो, तर नाचणारा घोळका त्यालाच श्वापद समजून ठार करतो. त्या घोळक्यात राल्फ आणि पिगीही असतात बरं का! सगळं जॅकच्या टोळीवर ढकलायची सोय लेखकाने ठेवलेलीच नाही. दुसऱ्या दिवशी पिगी 'अपघात होता' म्हणत राहतो, ते मला प्रत्यक्ष खुनापेक्षाही भयंकर वाटतं.