मदत हवी आहे: लहान भावाच्या नोकरीआधी कंपनीचा माणूस गावात चौकशी करून गेला, आता फॉर्ममध्ये काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही घाटंजी तालुक्यातले कास्तकार. माझा लहान भाऊ अमरावती विद्यापीठातून बी.कॉम. झाला. महिलांच्या गटांना कर्ज देणाऱ्या एका मायक्रोफायनान्स कंपनीत त्याला फील्ड ऑफिसरची नोकरी लागली आहे. ऑफर लेटर आलं, पण जॉइनिंगच्या आधी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होईल असं कळवलं.

त्यातच मागच्या आठवड्यात एक अनोळखी माणूस मोटरसायकलवर आला. आमच्या घराचा फोटो काढला आणि शेजारच्या काकूंना विचारलं की हा मुलगा इथंच राहतो का, किती वर्षांपासून, वागणं कसं आहे. मी वावरात होतो, घरी आई एकटी. संध्याकाळपर्यंत गावात झालं की यांच्या घरी वसुलीवाले आले. आई तेव्हापासून नीट जेवूनसुद्धा नाही राहिली. पोराने परीक्षा दिली, मुलाखत दिली, पास झाला, मग घरापर्यंत येऊन चौकशी कशाला, हे तिला मी समजावून सांगू शकत नाही.

आता ही पडताळणी करणाऱ्या एजन्सीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा आहे आणि तीन ठिकाणी अडलो आहे.

पहिलं, बायोडेटात कृषी केंद्रातला अनुभव लिहिला आहे. काम खरंच केलं, पण पगार रोख मिळायचा, कागद काही नाही. दुसरं, कॉलेजात असताना सोयाबीनच्या भावासाठी रास्तारोको झाला होता. पोलिसांनी बऱ्याच पोरांची नावं घेतली, त्यात हाही होता. फॉर्ममध्ये प्रश्न आहे, ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का?’ गावातले जाणते म्हणतात ‘नाही’ लिहून टाक, कोण पाहते. तिसरं, बाबांचं पीक कर्ज थकलेलं आहे. २०१९ च्या कर्जमुक्तीत एकदा निघालं होतं, नंतर पुन्हा थकलं. त्यामुळे नोकरी जाईल का?

कोणाला अनुभव असेल तर सांगा. आमच्या घरातली ही पहिली पगाराची नोकरी आहे.

प्रतिसाद १ (नागपूर)

दादा, मी एका कंपनीत एचआरचं काम करते, एजन्सीचे असे रिपोर्ट रोज पाहते. आधी आईला सांगा की तो माणूस वसुलीवाला नव्हता. पत्ता तपासणारा होता. घराचा फोटो, शेजाऱ्यांची विचारपूस, हे प्रत्येक उमेदवाराचं होतं. कलेक्टरचा मुलगा असता तरी झालं असतं.

का करतात, तर फील्ड ऑफिसर म्हणजे बायकांच्या घरी जाऊन हप्ते गोळा करणारा माणूस. त्याच्या पिशवीत दुसऱ्यांची रोकड असते, त्यांच्या आधार-पॅनच्या प्रती असतात. तो पैसे घेऊन गायब झाला किंवा कोणाशी वाईट वागला, तर जबाब कंपनीला द्यावा लागतो. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांतच माणसं घेताना नीट छाननी करा असं म्हटलेलं आहे. बँकांच्या वसुली एजंटांबद्दल तर २००८ च्या परिपत्रकात पूर्वचारित्र्य तपासण्याचा आणि त्यासाठी पोलीस पडताळणीचाही उल्लेख आहे. मुलाखतीत माणूस कसा बोलतो एवढंच कळतं. डिग्री खरी आहे का, आधीच्या जागेवरून कशासाठी निघाला, हे तिथे कळत नाही. खोट्या मार्कशीट आणि विकत घेतलेली अनुभवपत्रं आम्ही खरंच पकडतो.

अनुभवाचं सोपं आहे. कृषी केंद्राच्या मालकाकडून लेटरहेडवर पत्र घ्या. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, काय काम, पगार रोख, असं स्पष्ट लिहिलेलं. खाली सही, शिक्का, फोन नंबर आणि खताच्या परवान्याचा नंबर. एजन्सी त्यांना फोन करेल, त्यांना आधी सांगून ठेवा. पीएफ नसेल तर फॉर्ममध्ये ‘पीएफ नव्हता’ असंच लिहा. महिने वाढवू नका. मी पाहिलेल्या प्रकरणांत नोकऱ्या गेल्या त्या बहुतेक वाढवलेल्या महिन्यांमुळे, कागद कमी होता म्हणून क्वचितच.

आणखी एक. तुमचं गाव बुद्रुक की खुर्द ते आधारवर जसं आहे तसंच फॉर्ममध्ये लिहा. एजन्सीचा माणूस दुसऱ्याच गावात जाऊन ‘पत्ता सापडला नाही’ असा शेरा देतो, हे विदर्भात फार होतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा जवळ ठेवा, घर वडिलांच्या नावावर असलं तरी चालतं.

प्रतिसाद २ (यवतमाळ, वकिली)

भाऊ, ‘नाही’ लिहू देऊ नका. गावातले जाणते सल्ला देतील, पण नोकरी तुमच्या भावाची जाईल.

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हेच सांगितलं. अटक, चालू खटला, शिक्षा, निर्दोष सुटका, काहीही असो, विचारलं तर खरी माहिती द्यायची. त्याच निकालात हेही आहे की तरुण वयात घोषणा देण्यासारखा किरकोळ मामला लपवला गेला असेल, तर मालक तो आपल्या अधिकारात माफ करू शकतो. निकाल सरकारी नोकऱ्यांबद्दलचा आहे. खासगी कंपनी माफ करेलच असं धरून चालू नका. पण सांगितलेला रास्तारोको आणि लपवलेला रास्तारोको यांत फरक असतो, हे कोणत्याही एचआरला समजतं.

आधी केस कुठे आहे ते शोधा. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर नावाने किंवा एफआयआर नंबरने पाहता येतं. जुलै २०२४ च्या आधीच्या अशा आंदोलनांत साधारणपणे भादंविचं (भारतीय दंड संहिता) कलम १४३, ३४१ आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं १३५ लागलेलं असतं. आंदोलनाच्या केसेस सरकारने मागे घेतल्या असं लोक म्हणतात, पण शासन निर्णय निघाला म्हणून केस आपोआप संपत नाही. सरकारी वकिलाला कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. कोर्टाचा आदेश झाला असेल तर त्याची प्रमाणित प्रत काढा. नसेल तर ‘प्रलंबित’ लिहा आणि दोन ओळींत कारण द्या.

प्रतिसाद ३

कर्जाचं मी सांगतो, बँकेत होतो. बाबांचं पीक कर्ज बाबांच्या पॅनवर दिसतं, मुलाच्या नाही. फक्त भावाची सही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून कुठे झाली आहे का ते बाबांना विचारा. कधीकधी सोसायटीत घाईत सही घेतलेली असते आणि पोराला आठवतही नाही. सिबिलचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आजच काढा. चुकीची नोंद दिसली तर तिथेच ऑनलाइन तक्रार करा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. नागपूरच्या ताईंचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. आता ती म्हणते, शेजारच्या काकूंनाही वाचून दाखव.

बाबांना विचारलं. सही फक्त त्यांचीच आहे. कृषी केंद्राचे मालक पत्र द्यायला तयार आहेत. ई-कोर्ट्सवर केस सापडली, अजून चालू दाखवते, पुढची तारीखही आहे. वकील साहेब, भाऊ त्या तारखेला हजर राहीलच, पण जॉइनिंगही त्याच आठवड्यात येऊ शकते. फॉर्मसोबत एफआयआरची प्रत जोडावी की विचारल्यावरच द्यावी?

प्रतिसाद २ (यवतमाळ, वकिली)

आत्ताच जोडा. सोबत ई-कोर्ट्सच्या पानाची प्रिंट द्या आणि तारखेच्या दिवशी सुट्टी लागेल हे एचआरला मेलवर आधीच कळवा. येणं जमलंच नाही तर हजेरीतून सूट मागता येते, पण शक्यतो त्या दिवशी भावासोबत तुम्हीही कोर्टात या. तुमचा वकील ठरला नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारा, उत्पन्नाच्या अटीत बसलात तर वकील मोफत मिळतो.