११ बाय २० चं गॅरेज, आत १९६८ ची फियाट आणि भोवती अडगळ: सुरुवात कुठून करू?

टिळकवाडी_११००डी

नमस्कार मंडळी. बेळगावात घराला लागून ११ बाय २० फुटांचं गॅरेज आहे. चिऱ्याच्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे, पुढं ८ फुटी शटर, शटरसमोर साधारण १५ फूट मोकळं अंगण. आत १९६८ ची फियाट ११००डी आहे. चारही चाकांवर उभी आहे, ढकलली की हलते, इंजिन बंद आहे. भोवती जुन्या घराची मंगळुरी कौलं, सागवानी दारं, दोन सायकली, रंगाचे अर्धे डबे, गणपतीच्या मखराचं सामान, भाताची पोती आणि लाकूडफाटा असं सगळं साचलंय. एका भिंतीला लाकडी कपाट आहे, त्याला खालून वाळवी लागलीय.

गाडी पूर्ण खोलून पत्राकाम, इंजिन आणि रंग असं सगळं करायचं आहे. पाऊस ओसरलाय, म्हणून आता जागा लावून घ्यावी म्हणतो. विचारायचं ते असं:

१. गाडी कुठं उभी करायची, टेबल आणि रॅक कुठं?
२. काढलेले पार्ट कसे ठेवायचे, म्हणजे दोन वर्षांनीही सापडतील?
३. पावसाळ्यात फरशीला ओल येते. उघडा पत्रा टिकेल का?
४. कंप्रेसर आणि वेल्डिंग घरच्या लायनीवर चालेल का?

नवीन शेड बांधायची नाही. अँगलची कामं उद्यमबागेतल्या वर्कशॉपमधून करून घेता येतील.

अनगोळ_फिटर

पहिला बोल्ट खोलायच्या आधी त्या पार्टची जागा ठरलेली पाहिजे. गाड्या वर्षानुवर्षं अर्धवट पडतात, त्याचं कारण बहुतेक वेळा पैसा नसतो, हरवलेले पार्ट असतात.

आतल्या आत सामान सरकवत बसू नका. अंगणात ताडपत्री घाला, गाडी बाहेर ढकला आणि गॅरेज भिंतीपर्यंत रिकामं करा. कौलांच्या आणि लाकडाच्या ढिगात हात घालायच्या आधी गमबूट, जाड हातमोजे घाला आणि लांब दांड्याच्या पंजानं एकेक थर ओढा. आपल्याकडं अशा ढिगात विंचू आणि घोणस दोन्ही सापडतात. भात घरात न्या, कारण भाताला उंदीर येतात आणि उंदीर सीटचा काथ्या नि वायरिंग दोन्ही कुरतडतात. मखराचा थर्माकोल तर गॅरेजमध्ये नकोच, ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. वाळवीचं कपाट बाहेर काढून भिंत-फरशीच्या सांध्यात औषध मारून घ्या.

आता मोजमाप. गाडी साधारण १३ फूट लांब आणि ४ फूट १० इंच रुंद. तुमची रुंदी १३२ इंच, त्यातून गाडीचे ५८ गेले की ७४ उरतात. एका भिंतीला १५ इंच खोलीचे स्लॉटेड अँगलचे रॅक भिंतीपासून ४ इंच सोडून लावले तर ५५ राहतात. ते दोन्हीकडं सारखे वाटू नका. रॅकच्या बाजूला १९ आणि दुसरीकडं ३६ ठेवा. ३६ इंचात माणूस बसून, आडवा होऊन काम करू शकतो. दोन्हीकडं सत्तावीस-सत्तावीस ठेवलं की कुठंच नीट बसता येत नाही.

लांबीत ८४ इंच उरतात. मागच्या भिंतीला २४ इंच खोलीचं टेबल, टेबल आणि गाडीत ४० इंच, शटरकडं २०. गाडी तोंड शटरकडं करून लावा. इंजिन काढताना गाडी पाच-सहा फूट बाहेर ढकलली की बॉनेट अंगणात येतं, तिथं ए-फ्रेम उभी करून १ टनी चेन ब्लॉकनं उचलता येतं. सिमेंट पत्र्याखालच्या पाइपला किंवा कैचीला चेन ब्लॉक अजिबात अडकवू नका, ती पत्रा धरायला असते. ए-फ्रेम करून घेताना इंजिन-गिअरबॉक्स मिळून दोनशे किलो धरून चला. आणि पुढं इंजिन चालू करायची वेळ आली की गाडी पूर्ण बाहेर काढूनच. सायलेन्सरचं तोंड आतल्या बाजूला येणार, बंद जागेत तो धूर जीवघेणा आहे.

टेबल ६ बाय २ फूट, ५० मिलिमीटरचा अँगल, वर ६ मिलिमीटरची प्लेट. तुमच्या सागवानी दारांपैकी एक भरीव फळ्यांचं असेल तर प्लेटीऐवजी तेच घाला, चांगलं जड बसतं. व्हाइस ५ किंवा ६ इंची, टेबलाच्या पायाच्या बरोबर वर, मधोमध नको. उभं राहिल्यावर व्हाइसचे जबडे कोपराच्या उंचीला यायला पाहिजेत. नाहीतर कानस मारताना तासाभरात पाठ धरते.

रॅक भिंतीपासून ४ इंच सुटे, खालची फळी जमिनीपासून ६ इंच वर. जड वस्तू खाली, आणि प्रत्येक रॅक वरून भिंतीला क्लॅम्प केलेला.

जागा ठरवताना एक हिशोब लक्षात ठेवा. जे आधी निघतं ते शेवटी बसतं. बंपर, क्रोमच्या पट्ट्या, सीट, काचा, दारांचे पॅड हे सगळं रंग झाल्यावरच लागणार, त्यामुळं ते गॅरेजमध्ये ठेवूच नका. घराच्या माळ्यावर किंवा कोरड्या खोलीत ठेवा. सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग आधी बसतात, ते हाताच्या उंचीच्या फळीवर. एवढं केलं तरी अर्धं गॅरेज मोकळं राहतं.

निपाणी_जीपवाला

दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

झिप पिशव्या घ्या, पण नाव पिशवीवर मार्करनं लिहू नका. डिझेल किंवा थिनरचा हात लागला की शाई जाते. जाड पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलनं लिहा आणि चिठ्ठी पिशवीच्या आत टाका. पेन्सिल थिनरनंही जात नाही. मोठ्या पार्टला ॲल्युमिनियमच्या पट्टीवर नंबर पंच करून तारेनं बांधा. तो धुण्यात, सँडब्लास्टिंगच्या आधीच्या ढिगात, सगळीकडं टिकतो. ब्लास्टिंगच्या वेळी मात्र काढून ठेवा.

चिठ्ठीवर फक्त "बोल्ट" लिहून उपयोग नाही. "डावं पुढचं दार, वरचं बिजागर, ३ बोल्ट, १ शिम" असं लिहा. शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) किती आणि कुठल्या बाजूला होत्या हे लिहिलं नाही तर नंतर दाराची फट जुळवताना आठवडा जातो. ऑइल चेंबर, टायमिंग कव्हर, वॉटर पंप यांचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर त्या भागाची बाह्यरेषा काढा, भोकं पाडा, ज्या जागेचा बोल्ट त्याच भोकात खोचा. लांब बोल्ट आखूड जागी बसवला की तळाला टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि आतले आटे जातात.

फियाटचे आटे मेट्रिक. अँबेसेडर किंवा विलीज जीप असेल तर बहुतेक इंची. घरात दोन्ही गाड्या असतील तर पाने आणि नटबोल्ट वेगळ्या रंगाच्या पेट्यांत ठेवा. १/२ इंची नटावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की कोपरे झिजतात.

काचा कधीही आडव्या ठेवू नका. उभ्या, खाली जुनी सतरंजी, दोन काचांत कापड. दारं आणि बॉनेटही उभेच, पण रंगाच्या बाजूवर वजन न येता. क्रोमला पातळ तेल लावून सुती कापडात गुंडाळा. वर्तमानपत्र ओल धरतं आणि त्याच जागी ठिपके पडतात.

जुना खराब पार्ट नवीन मिळेपर्यंत नव्हे, नवीन बसून गाडी चालेपर्यंत भंगारात घालायचा नाही. कितीही गंजलेला असो, माप त्याच्यावरूनच घ्यायचं असतं.

उद्यमबाग_वायरिंग

घरच्या प्लगवरून कंप्रेसर नको. २ हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर चालताना १० अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना काही पट जास्त ओढते. लांब, बारीक वायरीतून व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरत राहते आणि वाइंडिंग जळतं.

मीटर बोर्डापासून गॅरेजला ६ स्क्वेअर मिलिमीटर तांब्याची वेगळी लाइन, ३२ अँपिअर सी-कर्व्ह एमसीबी. गॅरेजमध्ये छोटा बोर्ड, त्यात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच). पॉवर प्लगला ४ स्क्वेअर मिलिमीटर, दिव्यांना १.५ वेगळी. दिवे वेगळ्या एमसीबीवर पाहिजेतच, कारण ग्राइंडर फिरत असताना अंधार झाला तर हात जातो. कंप्रेसर आणि वेल्डिंग एकाच वेळी चालवायचं नाही. मंजूर भार कमी असेल तर आधी हेस्कॉमकडं (वीज कंपनीकडं) वाढवून घ्या. अर्थिंग मोजून घ्या, ओल्या फरशीवर तेच जीव वाचवतं.

४ फुटी एलईडी ट्यूब गाडीच्या डोक्यावर लावू नका, सावली नेमकी कामावर पडते. दोन्ही लांब भिंतींना ७ फुटांवर दोन-दोन लावा. प्लग कमरेच्या वर.

खानापूर_पत्राकाम

ओलीचं आधी कारण शोधा. फरशीवर २ बाय २ फुटांचा प्लास्टिक कागद चारही बाजूंनी टेप लावून २४ तास ठेवा. कागदाच्या खालच्या बाजूला थेंब आले तर ओल जमिनीतून येतेय, वरच्या बाजूला आले तर हवेतली आहे. जमिनीतली असेल तर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, सांध्यावर फूटभर चढवून, वर ३ इंच काँक्रीट. नुसता फरशीचा रंग लावला तर एका पावसाळ्यात फुगून सुटतो. हवेतली असेल तर वायुवीजन: खाली जाळीची भोकं, वर १२ इंची एक्झॉस्ट फॅन.

उघडा पत्रा आपल्या पावसाळ्यात टिकत नाही. घासून ठेवला तर रात्रीत तांबूस होतो. रेड ऑक्साइड मारून निर्धास्त होऊ नका, त्यातून पाणी आत जातं आणि गंज रंगाखाली वाढतो. लांबी (पुट्टी) तर पाणी शोषूनच घेते. स्वच्छ पत्र्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारा. आणि सगळी गाडी एकदम घासू नका, जेवढा भाग त्याच दिवशी प्रायमरखाली जाईल तेवढाच.

कामाचा क्रम ऋतूवर बसवा. आता ते मेपर्यंत खोलणं, पत्राकाम, इपॉक्सी. जून ते सप्टेंबर इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक ही टेबलावरची कामं. वरचा रंग दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प बसतं आणि रंग पांढरट पडतो. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा.

अकराशेला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. त्यामुळं शेल (मोकळी बॉडी) ठेवताना ३ टनी जॅक स्टँड चार, सपाट जमिनीवर, एका पातळीत. चिरा, वीट, सिमेंट ब्लॉक चालणार नाहीत, ते न सांगता फुटतात. दाराखालची पट्टी कापायच्या आधी दाराच्या चौकटीत २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप आडवा वेल्ड करून घ्या. एका वेळी एकच बाजू कापा. आधार न देता दोन्हीकडं कापलं की शेल बसतो आणि मग दारं कधीच लागत नाहीत.

टिळकवाडी_११००डी

सगळ्यांचे मनापासून आभार. इंजिन दाराबाहेर काढायची युक्ती लक्षातच आली नव्हती. अजून दोन गोष्टी. गॅरेजमध्ये मधोमध ४ फूट खोल जुना पिट (गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा) आहे, फळ्यांनी झाकलेला. तो वापरू का? आणि गाडीचे कागद कोल्हापूर पासिंगचे आहेत, त्याचं काय करायचं?

अनगोळ_फिटर

पिट बुजवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वाहत जाऊन खड्ड्यात साठते आणि तिथं हँडलॅम्पचा बल्ब फुटला तरी पेट घेते. पावसाळ्यात पाणीही भरतं. आणि जॅक स्टँडना सलग जमीन लागते. मुरूम थराथरानं पाणी मारून ठोकून भरा, मग खानापूरवाल्यांनी सांगितलेलं काँक्रीट सगळीकडं एकदमच होऊन जाईल.

पेट्रोलची टाकी पहिल्याच दिवशी अंगणात रिकामी करा, काढा आणि टाकीचं तोंड बंद करून बाहेर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, तिला वेल्डिंग अजिबात नको. थिनर आणि पेट्रोल पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, गॅरेजबाहेर सावलीत. तेलाच्या चिंध्या ढीग करून ठेवू नका, जवसाच्या तेलाच्या तर आपोआप पेटतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. ६ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक शटरजवळ पाहिजे, आत टेबलाजवळ नको. आग लागली की माणूस दाराकडं जातो.

ब्रेक ड्रम उघडताना हवा मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. पाणी मारून ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

चिकोडी_आरसीबुक

कागदाचं. कोल्हापूरची गाडी इकडं केए-२२ ला, म्हणजे बेळगावला, आणायची तर कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, आणि कर्नाटकचा रस्ता कर लागतो. गाडी खोलायच्या आधी इंजिन आणि चासी नंबरांची पेन्सिल घासून छाप घ्या, आरसीशी जुळवा आणि फोटो काढा. पत्राकामात नंबरच्या जागी ग्राइंडर किंवा जाड प्रायमर लागला तर तपासणीत अडकता. त्या जागेवर आत्ताच टेप लावून ठेवा.

गाडी पन्नास वर्षांवरची आहे, त्यामुळं २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणं व्हिंटेज नोंदणीही करता येते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंतर पुनर्नोंदणीला ५,०००. नंबरात "व्हीए" अक्षरं येतात. पण अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसावा. आणि ती गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. रविवारी गोकाक किंवा आंबोलीला जायचं असेल तर साधी नोंदणीच ठेवा आणि फिटनेस करून घ्या.

कागद, छाप, फोटोंची प्रत हे सगळं स्टीलच्या डब्यात घरातल्या कपाटात ठेवा. गॅरेजमध्ये कसर आणि उंदीर दोन्ही असतात.