आयसीयूत ट्यूब टाकताना: व्हिडिओ स्कोप आधी घ्यायचा की बायपॅप आधी लावायचं?

लश्करची भूलवाली
ओळखीच्या एका नर्सिंग होममध्ये व्हिडिओ स्कोप (श्वासनलिकेत ट्यूब टाकताना घशाचा आतला भाग स्क्रीनवर दाखवणारा) घ्यायचं चाललंय, मला मत विचारलं म्हणून इथे सविस्तर लिहिते. माझं म्हणणं, आहे ते बायपॅप (घट्ट मास्कमधून दाबानं ऑक्सिजन देणारं मशीन) आधी वापरा. ग्वाल्हेरची जानेवारी तुम्हाला माहितीय, धुकं आणि दमेकरी. असेच एक आजोबा, बिडीनं फुफ्फुसं गेलेली, साध्या मास्कवर सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ८८ टक्के. मी भूल दिली, स्कोपचं ब्लेड तोंडात घातलं, कॉर्ड्स (स्वरतंतू, त्यांच्यामधूनच ट्यूब जाते) समोर स्वच्छ दिसतायत आणि तेवढ्यात मॉनिटरची ती टिकटिक जाड जाड व्हायला लागली, सॅच पडताना येतो ना तो आवाज. ट्यूब पहिल्याच वेळी गेली, पण हृदय थांबलं. दोन मिनिटं सीपीआर दिल्यावर परत आले. बायपॅपचं मशीन शेजारच्या बेडपाशी कव्हर घालून उभं होतं.
भूल दिली की श्वास थांबतो, मग फुफ्फुसात साठवलेल्या ऑक्सिजनवरच पेशंट टिकतो, आणि आजारी फुफ्फुसात नुसत्या मास्कनं पुरेसा साठा होत नाही, प्रेशर लागतं. २०२४ मध्ये अमेरिकेत प्रीऑक्सी म्हणून ट्रायल झाली, १३०१ पेशंट. सॅच ८५ च्या खाली गेलेले मास्कवाल्यांत १८.५ टक्के, बायपॅपवाल्यांत ९.१. निदान तीन मिनिटं, १०० टक्के ऑक्सिजन, आणि भूल चढून ब्लेड हातात घेईपर्यंत मास्क काढायचा नाही.

रात्रपाळीचा आरएमओ
ताई, बायपॅपचं मान्य, पण स्कोप नको हे नाही पटत. रात्री दोन वाजता मी एकटा असतो, आजवर तीसेक ट्यूब टाकल्या असतील, समोर आखूड मान, तोंडात रक्त. तुम्हाला कॉर्ड्स दिसतात कारण तुमचा हात बसलाय. २०२३ ची डिव्हाइस ट्रायल बघा, पहिल्याच प्रयत्नात ट्यूब गेली ती व्हिडिओनं ८५.१ टक्के, साध्या स्कोपनं ७०.८, आणि अनुभव जितका कमी तितका फायदा जास्त. म्हणजे माझ्यासारख्यांसाठीच आहे ना ते?

लश्करची भूलवाली
हो, आणि त्याच ट्रायलमध्ये गंभीर त्रास दोन्हीकडे सारखाच झाला, २१.४ आणि २०.९ टक्के. ट्यूब लवकर गेली म्हणजे पेशंट सुखरूप असं होत नाही रे. ट्यूब टाकताना काय बिघडतं यावर २९ देशांचा इन्ट्यूब अभ्यास आहे, २०२१ चा, त्यात सगळ्यात जास्त काय बिघडलं तर बीपी, ४२.६ टक्के लोकांत. स्कोप बीपी धरत नाही. नॉरअ‍ॅड (बीपी वाढवणारं औषध) भरून, लाइनला जोडून ठेव, मग भूल दे.

जुना भूलतज्ज्ञ
दोघंही मूळ गोष्ट सोडताय. ट्यूब श्वासनलिकेतच आहे हे कळणार कशानं? स्टेथो फसवतो, मी स्वतः फसलोय. पैसे असतील तर पहिला कॅप्नोग्राफ (श्वासातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणारं मशीन). ब्रिटनच्या २०११ च्या एनएपी-४ या श्वासमार्गाच्या गुंतागुंतींच्या पाहणीत आयसीयूतल्या मृत्यूंत आणि मेंदूच्या इजांत कॅप्नो नसणं हे मोठं कारण निघालं, आणि आपल्याकडच्या एआयडीएएच्या (ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशन) २०१६ च्या गाइडलाइन्स पण तेच सांगतात. शिवाय उलटी होत असेल, किंवा पेशंट अगदी गळालेला असेल, तर बायपॅप मला भीतीचं वाटतं.

लश्करची भूलवाली
सर, कॅप्नोवर वादच नाही, माझ्या यादीत तो स्कोपच्या आधी आहे. उलटी होणाऱ्याला मी पण नाही लावणार. बाकीच्यांत मात्र प्रीऑक्सीमध्ये पोटातलं फुफ्फुसात जाणं वाढलं नाही, बायपॅपवाल्यांत ०.९, मास्कवाल्यांत १.४ टक्के.

आयसीयूची सिस्टर
मशीनची चर्चा छान चाललीय, पण मास्क धरणार कोण? दाढीवाल्या पेशंटला कडेनं हवा सुटते, दोन्ही हातांनी दाबून धरावा लागतो, मग औषध कोण देणार, सक्शन कोण? आमच्याकडे रात्री चार बेडला एक सिस्टर. डॉक्टर लोक पहिल्या वेळी ट्यूब नाही गेली तर पुढे काय करायचं ते आधी बोलत नाहीत, मग ऐन वेळी ओरडतात. एक माणूस वाढवा, तुमच्या तिन्ही मशीनपेक्षा आम्हाला त्याचा जास्त उपयोग आहे.

जनकगंजचा एक मुलगा
मी डॉक्टर नाही. बाबांना ट्यूब टाकली तेव्हा मला फक्त सही करा म्हणाले. आत गेलो तर तोंडावर घट्ट मास्क होता, ते काहीतरी सांगत होते, मला कळलं नाही आणि नंतर ते बोललेच नाहीत. तुमची तीन मिनिटं बरोबर असतील, पण त्याच्या आधीचं एक मिनिट आम्हाला द्या ना.

लश्करची भूलवाली
दादा, तुमचं खरं आहे, हे मी लिहायला हवं होतं. पेशंट तेवढा टिकून असेल तर आधी घरच्यांना आत बोलवायचं, मग मास्क. उद्यापासून मी स्वतः तसं करणार.

रात्रपाळीचा आरएमओ
ताई, स्कोपचं माझं मत अजून तेच आहे. पण आत्ता जाऊन बायपॅप बघून आलो, मास्क एकच आहे, लार्ज, आणि त्याचा पट्टा तुटलाय. सकाळी मीडियम मागवतो.