भुसावळ रात्री जास्त तापलेले, काळे रान दुपारी जास्त तापलेले: हा फरक कशामुळे पडतो?

तापीपार (भुसावळ)

नमस्कार. मी भुसावळला माध्यमिक शाळेत शिकवतो. माझे मूळ गाव यावल तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात आहे आणि आई-वडील तिथेच राहत असल्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा संध्याकाळनंतर मोटारसायकलने तापी ओलांडून गावी जाणे होते. उन्हाळ्यात रात्री नऊच्या सुमारास निघालो की वस्ती संपेपर्यंत अंगाला लागणारी हवा कोमट असते, पुलावर ती अचानक बदलते आणि पुढे दोन्ही बाजूंना बागा सुरू झाल्या की चांगला गारवा जाणवतो. हा भास नसेल ना, हे तपासण्यासाठी यंदा एप्रिलमध्ये दोन साधे डिजिटल तापमापक विकत घेतले. एक भुसावळच्या घराच्या गच्चीवर ठेवला आणि दुसरा गावातल्या घराच्या ओट्यावर. रात्री दहाच्या नोंदींमध्ये भुसावळ साडेतीन ते चार अंशांनी अधिक उष्ण दिसते.

इथपर्यंत मला नवल वाटले नाही. गोंधळ पुढे झाला. त्याच महिन्यात एका कामासाठी चार-पाच वेळा भर दुपारी बोदवड रस्त्याला जावे लागले, तेव्हा गावचा तापमापक सोबत नेला. पऱ्हाट्या उपटून नांगरून ठेवलेल्या काळ्या रानाच्या कडेला, निंबाच्या सावलीत पंधरा-वीस मिनिटे थांबून पाहिले, तर तिथले तापमान त्याच वेळी पत्नीने भुसावळच्या घरी घेतलेल्या नोंदीपेक्षा दीड-दोन अंशांनी अधिक होते. शहर जर सिमेंट आणि डांबरामुळे तापते, तर दुपारी ते उघड्या रानापेक्षा कमी उष्ण कसे? रात्रीचा गारवा तापीमुळे येतो की केळीमुळे? आणि आमच्या घरात रात्री अकरापर्यंत छतातून जी धग उतरत राहते, तिचा या सगळ्याशी काही संबंध आहे का? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

निवृत्त प्राध्यापक (धुळे)

आपल्या दोन्ही नोंदी परस्परविरोधी नाहीत. एकच कारण दुपारी एका बाजूने आणि रात्री दुसऱ्या बाजूने काम करते आहे.

‘शहर गावापेक्षा उष्ण’ हे वाक्य आपण ज्या सरसकट अर्थाने ऐकतो, त्या अर्थाने ते खरे नाही. ल्यूक हॉवर्ड यांनी १८१८ साली लंडनच्या हवामानाच्या नोंदी प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तेव्हाच त्यांना असे आढळले होते की रात्री शहर बाहेरच्या भागापेक्षा सुमारे २ अंश सेल्सिअसने उष्ण असते, पण दिवसा मात्र अगदी किंचित थंड असते. म्हणजे शहराची उष्णता ही मुख्यतः सूर्यास्तानंतरची गोष्ट आहे. वारा पडलेला असेल आणि आकाश निरभ्र असेल तेव्हा ती सर्वाधिक जाणवते, आणि खानदेशातल्या एप्रिल-मे महिन्यांत अशा रात्रींची वाण नसते.

आता काळ्या रानाकडे पाहू. कोरडी, भेगाळलेली, नांगरलेली काळी माती ऊन भरपूर शोषून घेते, परंतु ढेकळांमध्ये हवा भरलेली असल्यामुळे ती उष्णता खाली फारशी जाऊ देत नाही. परिणामी वरचा थोडासा थरच भयंकर तापतो, अनवाणी पाऊल ठेवणे अशक्य होते, आणि हा थर आपली जवळपास सगळी उष्णता लगेच वरच्या हवेला देतो. मातीत ओल उरलेली नसल्यामुळे बाष्पीभवनात काहीही खर्च होत नाही. सूर्य मावळला की हाच पातळ थर तितक्याच वेगाने निवतो, कारण खाली साठा झालेलाच नसतो. काँक्रीट, दगडी भिंत आणि डांबरी रस्ता यांचे नेमके उलट आहे. त्यांच्यातून उष्णता कोरड्या मातीपेक्षा कितीतरी पटींनी सहज आत जाते, दिवसभर आत साठत राहते आणि म्हणून दुपारी हवेला तुलनेने कमी मिळते. मग तोच साठा संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत बाहेर पडत राहतो. त्यात दाट वस्तीतल्या इमारती आणि गल्ल्या एकमेकींवर सावली टाकतात, हाही दुपारचा फायदा असतो, पण रात्री तीच दाटी अडचणीची ठरते. जमीन निवते ती आकाशाकडे अवरक्त किरण सोडून. अरुंद गल्लीतल्या फरशीला आकाशाची एक चिंचोळी पट्टीच दिसत असेल, तर तिने सोडलेली उष्णता समोरच्या भिंतीवर जाऊन परत तिच्याकडेच येते. उघड्या रानाला मात्र सगळे आकाश मोकळे असते.

म्हणून तुलना ‘शहर आणि बाहेर’ अशी न करता बाहेर म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवले पाहिजे. आपल्या भागात बाहेरच्या दोन अगदी वेगळ्या जाती आहेत: एक बोदवडकडचे कोरडवाहू रान आणि दुसरी यावल-रावेरकडची ओलिताची केळी. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेने साधारण दोन हजार घनमीटर हवा एका अंशाने तापली असती. बाग दिवसभर हा खर्च करत असते, त्यामुळे ती संध्याकाळी मुळात कमी तापमानावरच पोहोचलेली असते.

पुलावरच्या बदलाबद्दल माझे मत असे की त्याचे श्रेय पाण्यापेक्षा पात्राच्या खोलीला अधिक द्यावे. उन्हाळ्यात पात्रात पाण्याइतकाच उघडा खडकही असतो. परंतु शांत रात्री आजूबाजूच्या शेतांवर निवलेली हवा जड होऊन सखल भागाकडे सरकते, आणि नदीचे पात्र हा सर्वांत जवळचा सखल भाग असतो.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. गच्चीवरचा तापमापक हवेचे नव्हे, बऱ्याच अंशी स्लॅबचे तापमान सांगतो आहे. वेधशाळेत तो जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, पांढऱ्या झरोकेदार लाकडी पेटीत ठेवतात. आपले दोन्ही तापमापक आधी दोन-तीन दिवस शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यातला मूळ फरक काढावा, तो वजा करावा आणि मगच निष्कर्षाकडे जावे. उपग्रहाची रंगीत चित्रे पाहून जे लोक शहरे आणि गावे यांची तुलना करतात त्यांनाही हेच सांगावेसे वाटते, कारण ती चित्रे पृष्ठभागाचे तापमान दाखवतात, आपण श्वासात घेतो त्या हवेचे नाही.

केळी उत्पादक (रावेर)

प्राध्यापक साहेबांनी दिलेला हिशोब वाचून मी आमच्या बागेला लावून पाहिला. ऐन उन्हाळ्यात आम्ही ठिबकने एका खोडाला दररोज वीस लिटरच्या आसपास पाणी देतो, म्हणजे हजार खोडांना वीस हजार लिटर. त्यातले सगळे पानांतून जात नसले तरी मोठा भाग हवेतच जातो, हे उघड आहे.

परंतु शिक्षक भाऊंना एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते, कारण बागेचा गारवा ऐकून शहरातल्या माणसाला दुपारीही तिथे सुख असेल असे वाटते. उन्हाळ्यातल्या झळांनी पाने फाटू नयेत आणि करपू नयेत म्हणून आम्ही बागेच्या कडेने शेवरी किंवा ताग लावतो. त्यामुळे वारा अडतो, आणि दुपारी एकच्या सुमारास आत काम करणाऱ्या मजुराला तापमापक दोन-तीन अंश कमी दाखवत असला तरी घाम वाळत नाही, जीव गुदमरतो. बाहेर बांधावर, जास्त तापमानात, पण कोरड्या वाऱ्यात तो अधिक वेळ टिकतो. नुसत्या अंशांवरून माणसाचे हाल मोजू नयेत. आम्ही दुपारची कामे बंद ठेवून पहाटे साडेपाचला सुरू करतो, ती यासाठीच.

थंड हवा सखल भागात उतरते हे आम्ही हिवाळ्यात दरवर्षी पाहतो. एकाच मालकाच्या, एकाच दिवशी लावलेल्या बागेत नाल्याकडच्या खोलगट तुकड्यातली केळी थंडीने पिवळी पडते, वाढ थांबते, आणि दोनशे-तीनशे पावलांवरच्या उंच तुकड्याला काही होत नाही. अशा रात्री आम्ही बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतो आणि विहिरीचे पाणी सोडतो, कारण ते हवेपेक्षा उबदार असते. तुमचा उन्हाळ्यातला पूल आणि आमचा हिवाळ्यातला नाला या दोन्हींचे कारण एकच दिसते.

बांधकाम अभियंता (अमळनेर)

छताच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो.

पाच इंची काँक्रीट स्लॅबमधून उष्णतेची लाट वरून खाली यायला तीन ते चार तास लागतात. गच्चीचा पृष्ठभाग दुपारी दोनच्या आसपास सर्वाधिक तापतो, म्हणजे छताची आतली बाजू संध्याकाळी साडेपाच-सहाला सर्वाधिक उष्ण होते आणि पुढे पाच-सहा तास खोलीत धग सोडत राहते. कुटुंब घरी एकत्र येते, स्वयंपाक होतो, मुले झोपतात, ती हीच वेळ. पत्र्याचे घर दुपारी भट्टी होते, परंतु पत्रा सूर्यास्तानंतर तासाभरात निवतो. स्लॅबचे तसे नाही.

आपल्याकडच्या धाब्याच्या घरांचे गणित मी अनेकदा करून पाहिले आहे. लाकडी कड्यांवर फूटभर मातीचा थर असेल, तर त्याच लाटेला खाली पोहोचायला बारा तासांच्या आसपास लागतात आणि तोपर्यंत तिचा जोर जवळजवळ संपलेला असतो. दुपारची धग पहाटे, तीही नाममात्र, आत येते. या घरांना दरवर्षी पावसाळ्यापूर्वी वर खारी माती टाकावी लागे, उंदीर आणि गळती यांचा त्रास होता, आणि त्यामुळे लोकांनी ती पाडून स्लॅब टाकले याला मी दोष देत नाही. परंतु मातीने जे काम केले होते, ते स्लॅब टाकताना दुसऱ्या कशावर तरी सोपवायला हवे होते, आणि ते आमच्या व्यवसायातल्या बहुतेकांनी केले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्यापुरता स्वस्त उपाय म्हणजे गच्चीला दरवर्षी मार्चअखेर चुन्याचे दोन हात देणे. ताजा पांढरा चुना पडणाऱ्या उन्हातला बराच मोठा भाग परत पाठवतो, तर जुना काळवंडलेला स्लॅब त्यातला बहुतेक शोषून घेतो. धूळ बसली की परिणाम कमी होतो, म्हणून मे महिन्यात एकदा गच्ची झाडून-धुऊन घ्यावी. रात्री दारे-खिडक्या उघडून आणि सकाळी आठपूर्वी बंद करून घेतल्या तर भिंतीही थोड्या निवतात. हवामान खाते कमाल तापमान ४० अंश किंवा अधिक असताना किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा अधिक वर राहिले, तर ‘उष्ण रात्र’ जाहीर करते. अशा रात्री शरीराला दिवसाच्या ताणातून सावरायला अवधीच मिळत नाही, म्हणून घरात वृद्ध किंवा लहान मूल असेल तर छताचा विचार आधी करावा.

तापीपार (भुसावळ)

सर्वांचे मनापासून आभार. प्राध्यापक साहेबांच्या सांगण्यानुसार दोन्ही तापमापक तीन रात्री एकाच खिडकीत ठेवले, तेव्हा भुसावळचा तापमापक ०.७ अंश अधिक दाखवतो असे आढळले. त्यानंतर तो गच्चीवरून काढून अंगणात, पांढरा रंग दिलेल्या फळ्यांच्या पेटीत ठेवला. आता रात्री दहाचा फरक दोन ते अडीच अंशांवर आला आहे. म्हणजे माझ्या पहिल्या आकड्यातला बराचसा वाटा स्लॅबचा आणि यंत्राचा होता. पण उरलेला फरक खरा आहे. बोदवड रस्त्यावर मी नेला तो कमी दाखवणारा तापमापक होता, त्यामुळे दुपारचा फरक उलट वाढतो, हेही ध्यानात आले.

गच्चीच्या निम्म्या भागाला काल चुना दिला. उरलेला निम्मा भाग पंधरा दिवस तसाच ठेवून दोन्ही खोल्यांच्या छताखालची रात्री आठची नोंद घेणार आहे. रावेरच्या भाऊंना विनंती: आपल्या बागेत, बांधावर आणि नाल्याकडच्या खोलगट तुकड्यात अशा तीन ठिकाणी माझ्या विद्यार्थ्यांना पेट्या ठेवू द्याल का?

केळी उत्पादक (रावेर)

जरूर ठेवा. खोलगट तुकड्यातली पेटी मात्र ठिबकच्या नळीपासून दूर, शेवरीच्या आतल्या बाजूला लावू, नाहीतर ओल्या जमिनीचाच आकडा येईल. मुलांना सकाळी सहाच्या आत पाठवा. मी बांधावर असेन.