सगळे धर्म एकाच सत्याकडे जातात म्हणजे नक्की काय?

पंचवटीकर:
आमच्याकडे काळारामाला रोज जाणं असतं, फेब्रुवारीत आई नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत मेणबत्ती लावून येते आणि मामाने जुन्या नाशकातल्या बडी दर्ग्याला बोललेला नवसही फेडला. विचारलं की उत्तर ठरलेलं, देव एकच रे, नावं वेगळी. मला हे आता पुरत नाहीये. अल्ला निराकार, ख्रिश्चनांचा देव माणूस होऊन आला, जैनांना जग घडवणारा ईश्वर मान्यच नाही, बुद्धाने तर आत्माही नाकारला. मग एकच काय आहे? या सगळ्यापलीकडे खरंच काही आहे की भांडण नको म्हणून आपण असं म्हणतो? कुणी सिरियसली विचार केला असेल तर सांगा प्लीज.

वाचनवेडा:
जॉन हिक वाच. ब्रिटिश तत्त्वज्ञ, बर्मिंगहॅमला शिकवायचा, तिथल्या मशिदी, गुरुद्वारे, मंदिरं बघून त्याचं मत बदलत गेलं. तो म्हणतो अंतिम सत्य जसं आहे तसं माणसाला कळतच नाही (हा धागा कांटचा), ज्याची जशी परंपरा तसं ते दिसतं, कुणाला पिता, कुणाला विठ्ठल, कुणाला ब्रह्म किंवा शून्यता. कसोटी एकच, माणूस 'मी'तून सुटतो का. मला अर्धं पटतं. पण मग त्या सत्याला दयाळूसुद्धा म्हणता येत नाही, प्रार्थना कुणाची करायची? आणि सगळ्यांचा मान ठेवता ठेवता तो सगळ्यांनाच सांगतो की तुमचं म्हणणं शब्दशः खरं नाही.

सिडकोवाली:
पंचवटीकर, तुम्ही रोज ज्या दारातून जाता त्या दारातून दलितांनाही आत जाता यावं म्हणून २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड पुढे होते, काही वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेतली १९५६ ला. मधली २१ वर्षं! सगळे धर्म सारखेच असते तर एवढा विचार कशाला केला असता त्यांनी? देव एकच म्हणणारे तेव्हाही होते की, आत कुणी घेतलं? त्या 'एकच'मध्ये आम्हाला न विचारता घालू नका एवढंच म्हणणं आहे.

लेणीवेडा:
सिडकोवाली +१. पांडवलेण्यात दहा नंबरच्या लेण्याचा व्हरांडा नीट बघा, उषवदाताचे लेख आहेत, नहपान या क्षत्रप राजाचा जावई. ब्राह्मणांना तीन लाख गायी दिल्या, देवा-ब्राह्मणांना सोळा गावं दिली, आणि त्याच लेखात हे लेणं खोदवल्याचं सांगतो, भिक्षूंसाठी. दुसऱ्या लेखात तर अख्खा हिशोब, २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीत (संघात) महिना शेकडा एक व्याजाने ठेवले, त्यातून पावसाळ्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी (अंगावरच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी १२. दोन्ही एकच आहेत असं कुठे म्हणत नाही तो. ज्याचं त्याला देतो. मला हिकपेक्षा हे जवळचं वाटतं, दुसऱ्याचा मार्ग माझ्यासारखा निघाला नाही तरी त्याच्या चीवराची सोय करायला काय हरकत आहे?

पंचवटीकर:
सिडकोवाली, त्या दाराचं माझ्या प्रश्नात यायला हवं होतं, आभार. एक विचारतो, राग मानू नका. उदान या पाली ग्रंथात बुद्ध म्हणतात की अजात, अभूत, अकृत, असंखत (कशातूनही न घडलेलं) असं काही आहे, ते नसतं तर सुटकाच नसती. मग हे पलीकडचं नाही का?

सिडकोवाली:
राग कसला. बाबासाहेबांच्या मांडणीत निब्बाण (निर्वाण) म्हणजे विकारांवर एवढा ताबा की माणूस सन्मार्गाने चालू शकेल, इथेच, जिवंतपणी. मी तेच मानते. थेरवादी (जुन्या पाली परंपरेतल्या) भन्तेंना विचाराल तर ते हेच वचन पुढे करून असंखत खरोखर आहे म्हणतील, आणि आमच्या विहारात यावर तासन् तास बोलणं होतं, कुणी उठून जात नाही.