शब्दचर्चा: ‘आर्टिक्युलेटेड फिगर’ला सांधेदार म्हणावं की कळसूत्री?

जिज्ञासू: लेगोच्या बायोनिकल आणि हीरो फॅक्टरी मालिकांच्या सुट्या भागांतून स्वतः रचलेल्या, हातपाय वळणाऱ्या आकृत्यांची जोडणी मराठीत लिहायची आहे. ‘कळसूत्री बाहुली’ हा तयार शब्द चालेल का? आणि अशा स्वतः रचलेल्या कृतीला इंग्रजीत ‘मॉक’ म्हणतात, त्याचं काय करावं?

सांधेजोड: कळसूत्री नको. ती वरून दोरीने हलते आणि दोरी सोडली की मान टाकते. इथे हात जिथे ठेवला तिथेच थांबला पाहिजे. ‘सांधेदार आकृती’ म्हणा.

सांध्यांची नावं शाळेच्या विज्ञानात आहेतच: उखळीचा सांधा आणि बिजागरीचा सांधा. बायोनिकलमधला गोटीचा सांधा म्हणजे उखळीचा. फक्त गोटी बसते त्या भागाला ‘वाटी’ म्हणू नका. ‘गुडघ्याची वाटी’ म्हटलं की वाचणारा पुढची ढाल शोधायला लागतो. ‘खोबण’ बरोबर बसतो.

तिसरा प्रकार दातेरी बिजागरीचा. त्याला ‘खटक्याचा सांधा’ म्हणावं, कारण तो २२.५ अंशांच्या टप्प्यांनीच वळतो, पूर्ण फेरीत १६ जागा. मधे कुठेही थांबत नाही. म्हणून मांडी दोन खटके पुढे नेली आणि गुडघा एक खटका मागे घेतला, तर घोटा आणखी एक खटका मागे आला पाहिजे. बेरीज शून्य झाली नाही तर पाऊल जमिनीला टेकणार नाही. उखळीच्या सांध्यात हा हिशेब लागत नाही, पण उंच आणि जड आकृतीत खुबा हळूहळू घसरतो. वजन सांध्यापासून जितकं लांब, तितका ताण जास्त. हात जड असतील तर खांद्याला खटक्याचा सांधा द्या आणि मनगटाला गोटी.

सुटेभाग: सहमत. पण पिन (भाग जोडणारी गोल खुंटी) आणि अ‍ॅक्सल (अधिक-चिन्हाच्या आकाराची दांडी) यांचं भाषांतर कृपया करू नका. ‘खुंटी’ लिहिलं तर गोल की अधिक-चिन्हाच्या आकाराची, हे कळत नाही. ‘घट्ट पिन’ आणि ‘सैल पिन’ एवढा भेद मात्र हवाच. लेगोच्या भाग-क्रमांकांनी सांगायचं तर काळी २७८० घट्ट, करडी ३६७३ सैल. एका टोकाला पिन, दुसऱ्याला अ‍ॅक्सल असलेल्या भागात निळा ४३०९३ घट्ट, फिक्या तपकिरी रंगाचा ३७४९ सैल. कोपरात ३६७३ लावली की हात लोंबतो आणि दोष रचनेला दिला जातो. भागांच्या यादीत नाव, क्रमांक, रंग आणि नग हे चारही रकाने द्या.

जिज्ञासू: खोबण ढिली झाली तर ‘सांधा बसला’ म्हणावं का?

सांधेजोड: नको, ‘बसला’चा अर्थ नीट जुळला असाही होतो. ‘ढिला झाला’ लिहा. खोबणीला चीर गेली असेल तर ‘तडकली’. लिंबू-हिरव्या रंगाच्या खोबणी यासाठी प्रसिद्धच आहेत, तिथे दुसरा रंग सुचवा. गोटी काढताना खोबणीच्या उघड्या तोंडाच्या दिशेने सरळ ओढायची, पिळायची नाही.

निव्वळ ढिलाई असेल तर गोटीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर देतात. पूर्ण वाळल्याशिवाय खोबणीत घातली तर सांधा चिकटतो. त्यातलं द्रावक एबीएस, म्हणजे लेगोच्या भागांचं प्लास्टिक, मऊ करतं, म्हणून एकुलत्या एका दुर्मीळ भागावर हा प्रयोग नको.

सुटेभाग: ‘मॉक’ म्हणजे ‘माय ओन क्रिएशन’ची आद्याक्षरं. मराठीत मॉक टेस्ट, मॉक ड्रिल रुळलेले असल्यामुळे ‘लुटुपुटीचं’ असा उलटा अर्थ लागतो. ‘स्वरचित’ घ्या. वेगवेगळ्या संचांची सरमिसळ असेल तर ‘मिश्रजोड’.

जिज्ञासू: स्टुडिओची, म्हणजे संगणकावर लेगो जोडण्याच्या प्रणालीची, फाइलही सोबत द्यायची आहे.

सुटेभाग: द्या, पण ‘पडद्यावर जुळलेली’ आणि ‘हातात जुळलेली’ असं स्पष्ट लिहा. स्टुडिओमध्ये सांध्याला वजन जाणवत नाही, आणि टक्कर-तपासणी बंद असेल तर भाग एकमेकांत घुसलेले राहतात. शिवाय एखादा भाग त्या रंगात कधी निघालाच नसेल, तर यादी घेऊन शोधणारा अडकतो. तिथे पर्यायी रंग त्याच ओळीत लिहा.