खान्देशातले जॅझवेडे : रेकॉर्डी आणि मैफली, तुमचे अनुभव लिहा

परवा रेकॉर्डी मोजल्या. २१२ भरल्या. वरच्या पत्र्याच्या खोलीतून त्या खालच्या खोलीत हलवायच्या होत्या, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पत्र्याखाली काय होतं ते वेगळं सांगायला नको. जळगावात हे संगीत ऐकणारा मी एकटाच, असं पंचवीस वर्षं समजत होतो. गेल्या हिवाळ्यात मुंबईहून अमरावती एक्स्प्रेसने परत येताना समोरच्या बर्थवरच्या काकांच्या मांडीवर चौकोनी पिशवी दिसली. तो आकार ओळखायला चूक होत नाही. विचारलं, तर आत सॅक्सोफोनवाल्या सनी रोलिन्सची रेकॉर्ड! इगतपुरी गेली तरी आमचं बोलणं संपलं नव्हतं.

तेव्हाच ठरवलं की आपल्या भागातल्या सगळ्यांना लिहितं करायचं. पहिली रेकॉर्ड कुठून आली, पहिली मैफल कुठली, उन्हात रेकॉर्डी कशा जपता, काहीही लिहा. माझा धडा आधी सांगतो. कोल्ट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम' मी एका दुपारी गाडीच्या मागच्या काचेखाली विसरलो. तासाभराने पाहिली तर तळलेल्या पापडासारखी वाकलेली. दोन काचांमध्ये दाबून पाहिली, पण सुई प्रत्येक फेरीला उडायची. ती अजून ठेवली आहे, टाकवत नाही. तेव्हापासून रेकॉर्डी कायम उभ्या ठेवतो, एकीवर एक कधीच रचत नाही.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

ट्रेनमधला तो काका मीच. माझी सुरुवात रेडिओवर झाली. रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लागायचं आणि त्यावर विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम. ड्यूक एलिंग्टनच्या 'टेक द ए ट्रेन'ने तो सुरू व्हायचा. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या पोराला आगगाडीच्या नावाच्या सुरावटीचं किती अप्रूप असेल, विचार करा! कोनोव्हर सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायचे. माझं अर्धं इंग्रजी त्यांनी शिकवलं. आवाज मध्येच लांब जायचा, परत यायचा. आम्ही एरियलची तार खिडकीच्या गजाला बांधून बसायचो.

आमच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हरसाहेब राहत. ऑस्ट्रेलियाला जाताना त्यांनी सामान विकलं आणि रेकॉर्डींची एक पेटी मला तशीच दिली. पैसे घेतले नाहीत. त्यात टेडी वेदरफोर्डची कलकत्त्यात केलेली ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची, जुनी तबकडी होती. हा अमेरिकन पियानोवाला मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायचा, पुढे कलकत्त्याला गेला आणि १९४५ साली तिथेच कॉलऱ्याने वारला. पेटीत चिक चॉकलेटही होता. हा मूळचा गोव्याचा ट्रम्पेटवाला, सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात वाजवणारा. म्हणजे 'अलबेला'तली गाणी गुणगुणताना आपण जॅझच्या किती जवळ होतो, ते तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

आणि १९७८. मुंबईत रंगभवनला पहिली 'जॅझ यात्रा', म्हणजे जॅझचा महोत्सव. सनी रोलिन्स येणार हे कळल्यावर मी रजा टाकली. साहेबांना कारण खरं सांगितलं असतं तर रजा मिळाली नसती, म्हणून मावशीचं नाव घेतलं. पंजाब मेलने व्ही.टी.ला उतरलो आणि धोबी तलावापर्यंत चालत गेलो. उघडं नाट्यगृह, वर आभाळ. तोपर्यंत सॅक्सोफोन म्हणजे माझ्यासाठी खरखरीतून येणारा आवाज होता. त्या रात्री तो पोटात वाजला. दुसरं कसं सांगू? हाच माणूस १९७०च्या आधी पवईच्या आश्रमात येऊन राहून गेला होता, हे पुढे वाचलं. आपल्याच गाडीच्या रस्त्यावर तो राहिला होता आणि आपल्याला पत्ताही नव्हता, याची मला अजून रुखरुख आहे.

धुळे, तबला शिकवतो

माझं थोडक्यात. डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीचं १९५९चं 'टेक फाइव्ह' पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा हात आपोआप टाळी-खाली मोजू लागला. पाच मात्रा, तीन आणि दोन अशी विभागणी. आपला झपताल दोन-तीन-दोन-तीन. म्हणून सुरुवातीला माझा हात उलटा पडायचा, आठवडाभर पडला. आता शाळेतल्या मुलांना मी आधी झपताल देतो आणि मग ही रेकॉर्ड लावतो. पियानो एकच ठेका धरून बसतो आणि ड्रमवाला जो मोरेलो त्यावर मोकळा फिरतो, ते ऐकून पोरांना लेहऱ्यावरचा, म्हणजे एकाच फिरत्या सुरावटीवरचा, तबल्याचा सोलो लगेच आठवतो.

अमळनेर, बँडवाल्यांच्या घरातला

भुसावळच्या काकांनी गोव्याच्या ट्रम्पेटवाल्याचं लिहिलं म्हणून हे लिहितोय. माझे आजोबा आणि वडील, दोघंही लग्नाच्या बँडमध्ये. आजोबा क्लॅरिनेट वाजवायचे, बँडमास्तर होते. आपल्या खान्देशात लग्न म्हणजे बँड, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बँडवाल्याला 'कलाकार' कोणी म्हणत नाही. वरातीत मोरासारखं नाचून झालं की जेवायला त्याची पंगत शेवटची. हे मी लहानपणी पाहिलेलं आहे आणि विसरलेलो नाही.

पुण्यात शिकायला असताना मी माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' घेतली, जुनी एलपी. सुट्टीत घरी आणून लावली. आजोबा ओट्यावर बसले होते, आत आले. "हाऊ कोन वाजाडी ऱ्हायना भो?" एवढंच विचारलं आणि पेटीतून क्लॅरिनेट काढलं. पहिल्याच तुकड्यावर सूर लावायला गेले आणि थांबले. म्हणाले, जमत नाही, तुझं मशीन पळतंय. मी हार्मोनियम काढली. खरंच, पांढरी दोनच्या वर आणि काळी दोनच्या खाली, मधेच कुठेतरी सूर. वेग तपासायची ठिपक्यांची चकती ठेवून पाहिली, तर टर्नटेबल अगदी बरोबर. मग बाजू पालटली. दुसऱ्या बाजूला क्लॅरिनेट चपखल बसलं. आजोबांनी तासभर वाजवलं, आईने दोनदा जेवायला बोलावलं तरी उठले नाहीत.

कारण मला बऱ्याच वर्षांनी वाचायला मिळालं. पहिल्या बाजूचं ध्वनिमुद्रण २ मार्च १९५९ला झालं, दुसऱ्या बाजूचं २२ एप्रिलला. मार्चमध्ये मुख्य टेपचं यंत्र जरा हळू चालत होतं, म्हणून ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढायचा. ही चूक १९९२च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. तोवर तेहतीस वर्षं जगभर पहिली बाजू चढीच विकली गेली. आमच्या आजोबांना ती एका दुपारी, लग्नातल्या क्लॅरिनेटवर सापडली. मला हे वाचलं तेव्हा सांगायला ते नव्हते.

फैजपूर, केळीचा व्यापार

वडील केळीच्या वॅगनींबरोबर दिल्लीला जायचे आणि येताना जामा मशिदीजवळच्या बाजारातून जुन्या तबकड्या आणायचे. एक सावधगिरी सांगतो. ७८च्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. मी एकदा स्पिरिटने पुसली आणि चकाकी बोळ्याबरोबर निघून आली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. अशा तबकडीला साधं ओलं फडकं, तेही मधल्या कागदाला न लागता. आणि एलपीची सुई ७८ला लावू नका, खाच रुंद असते, तिची सुई वेगळी. एका दुकानदाराने मला 'चालते की' म्हणून दिली होती.

जळगाव, शिक्षिका

माझ्याकडे रेकॉर्डी नाहीत, पण मैफल चुकवत नाही. मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात पहिल्यांदा गेले तेव्हा लोक तुकड्याच्या मध्येच टाळ्या वाजवू लागले आणि मला कसंतरीच झालं. मग लक्षात आलं, एकाचं वाजवून झालं की ही त्याला दिलेली दाद आहे, आपल्या बैठकीतल्या 'वा'सारखी. शेवटी सगळे मूळ चालीवर एकत्र येतात तेव्हा समेवर आल्यासारखं वाटतं. रात्रीच्या गाडीने परत आणि सकाळी अकराला शाळा. डोळे चुरचुरतात, पण त्या दिवशी मुलांना मी कविता फार चांगली शिकवते.

अमळनेरच्या दादा, तुमच्या आजोबांचं क्लॅरिनेट आता कोण वाजवतं?

अमळनेर

ताई, माझी मुलगी. नववीत आहे. रीड नवीन बसवली, बाकी सगळं तेच.

जळगाव, धागा काढणारा

३० एप्रिलला जॅझ दिवस असतो. माझ्या गच्चीवर, ऊन उतरल्यावर, सातनंतर. टर्नटेबल मी वर आणतो. काका, रोलिन्स तुम्ही आणा. दादा, लेकीला घेऊन या, क्लॅरिनेटसकट. दुसरी बाजू लावू.